दूध गावच्या संस्थेला घालावं की खासगी डेअरीला?

खासगीवाला लिटरमागे दोन रुपये जास्त देतोय, मग गावच्या सहकारी दूध संस्थेला का चिकटून राहायचं, असं तुम्ही विचारलंय. आमच्या दोन म्हशी आणि एक गाय, कोल्हापूर जिल्ह्यात. हा हिशेब मी घरी करून बघितलाय.

ते दोन रुपये जास्त कधी मिळतात? उन्हाळ्यात, दूध आटल्यावर. पावसाळा सरताना म्हशी व्यायल्या की पुष्टकाळ, म्हणजे भरपूर दुधाचे दिवस, सुरू होतो आणि तोच माणूस 'फॅट बसत नाही', म्हणजे दुधात स्निग्धांश कमी, म्हणायला लागतो. संस्था सहसा सभासदाचं दूध परत पाठवत नाही. जादा दुधाची जिल्ह्याचा दूध संघ भुकटी करतो, लोणी करतो.

१९४६ साली गुजरातच्या खेडा जिल्ह्यातही दुखणं हेच होतं. मुंबईला जाणारं दूध गोळा करायचा मक्ता पोलसन या खासगी डेअरीकडे, त्यामुळे शेतकऱ्याच्या हातात काय पडणार ते दलाल ठरवायचे. शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूधच घातलं नाही. मग त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने गावोगाव संस्था निघाल्या आणि वर त्यांचा संघ, तोच पुढचा अमूल. पण हिवाळ्यात मुंबईला नको असलेल्या दुधाचं करायचं काय? म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगायचे. संघाचे दुग्धतंत्रज्ञ एच. एम. दलायांनी ती आणंदला करून दाखवली आणि १९५५ला कारखाना उभा राहिला. माझ्या मते अमूल तिथे तगलं. जाहिरातीतली मुलगी नंतरची.

आमच्याकडचा गोकुळ दूध संघ १९६३चा, घडी तीच: गावात संस्था, वर जिल्ह्याचा संघ. दर दहा दिवसांनी बिल, दिवाळीला दूध फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावरची जादा रक्कम.

आता खोट सांगतो. आपण मालक म्हणवतो, पण संघाच्या निवडणुकीत मत असतं संस्थेच्या ठरावधारकाला, म्हणजे संस्थेने ठराव करून पाठवलेल्या एका माणसाला. म्हणून दिवाळीपेक्षा निवडणुकीत त्याचा भाव जास्त! शिवाय आमच्या संस्थेत मशीनवर फॅट कित्येक महिने ६.२लाच अडकलेलं. म्हैस बदलली तरी ६.२. वार्षिक सभेत चार-पाच जणांनी विषय लावून धरला, तेव्हा मशीन तपासलं आणि पुढच्या बिलात फरक दिसला. खासगीवाल्याला असं कुठल्या सभेत विचारणार?

तुम्ही गेल्या वर्षीचं पासबुक काढून बसा. दूध फरक वर्षभर घातलेल्या दुधावर मिळतो, तेव्हा उन्हाळ्याचे तीन महिने दुसरीकडे घालणार असाल तर तेवढी रक्कम वजा धरा. आमच्याकडे ते दोन रुपये बरेचसे तिथेच जिरले. गायीच्या दुधाचा हिशेब मात्र वेगळा मांडा, त्याचा दर फार वरखाली होतो.