तिसऱ्या दिवशी रडू आलं तर

बाळा,

परवा फोनवर तू विचारलंस की हॉस्पिटलच्या बॅगेत काय काय भरू. ती यादी तुला कुणीही देईल गं, पण बाळ झाल्यावर तुझं स्वतःचं काय होणारे हे सहसा कुणी नीट सांगत नाही, मलाही नव्हतं सांगितलं, म्हणून लिहितेय.

आधी शरीराचं. बाळ बाहेर आलं तरी पोट लगेच आत जात नाही, अजून पाच-सहा महिन्यांचं असल्यासारखंच दिसतं. गर्भपिशवी तेव्हा साधारण 1 किलोची असते आणि 6 आठवड्यांत आकसत आकसत 60-70 ग्रॅमवर येते. बाळाला अंगावर घेतलंस की ओटीपोटात कळ येईल, घाबरू नकोस, बाळ ओढायला लागलं की ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं, त्यानेच दूध उतरतं आणि त्यानेच पिशवी आवळते. अंगावरून जाणं 4 ते 6 आठवडे चालू शकतं, आधी लाल, मग तपकिरी, मग पिवळट पांढरं, आणि सिझर झालं तरी जातंच, हे खूप जणींना माहीतच नसतं. रात्री घामाने कपडे भिजतील. शिंकलीस तर थेंबभर लघवी होईल, त्याची लाज वाटून गप्प बसू नकोस, खालचे स्नायू ताणलेले असतात, व्यायामाने बरंच सुधारतं, डॉक्टरला विचार. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील, पण ते गरोदरपणात गळायचे राहिलेले असतात, परत येतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बाळामागून वार पडली की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स दोनेक दिवसांत एकदम खाली येतात, त्याच सुमारास दूध भरून छाती दगडासारखी होते, टाके दुखत असतात, सलग दोन तास झोप नसते, आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाई रडायला लागते, कुणी चहाला विचारलं तरी रडू येतं. बहुतेक जणींना होतं हे आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. तेव्हा कुणी म्हणालं ना की इतकं गोड बाळ आहे आणि रडतेस काय, तर ऐकून सोडून दे.

मला तर बाळ हातात दिलं तेव्हा काहीच वाटलं नव्हतं, नुसता थकवा. सगळे कौतुकाने बघत होते म्हणून मी हसले आणि रात्रभर मनात एकच, की मी आई व्हायच्या लायकीचीच नाही. तीन आठवडे कुणाजवळ बोलले नाही. माया नंतर आली, हळूहळू, कधी ते सांगताही येत नाही, एक दिवस लक्षात आलं की लेक झोपलीये आणि मी काम सोडून तिचा श्वास ऐकत उभी आहे. ते तीन आठवडे तू एकटीने काढू नयेस असं मला फार वाटतं.

आणि दोन आठवडे उलटूनही मन तसंच असेल, बाळ झोपलं तरी तुला झोप येत नसेल, कशातच जीव लागत नसेल, आपण नसलेलंच बरं असं वाटत असेल, तर ते डिप्रेशन असू शकतं. दहात एकीला तरी होतं, पहिल्या वर्षात कधीही सुरू होऊ शकतं, आणि दूध पाजताना चालणारी औषधं आहेत, तेव्हा 'बाळासाठी सहन करते' हे नको. जीव द्यायचे विचार आले तर मात्र उद्यावर ढकलू नकोस, त्याच क्षणी कुणाला तरी सांग. बाळ हातातून पडेल असले भयंकर विचार नुसते डोक्यात येऊन जातात पुष्कळ जणींच्या, त्याने तू वाईट आई ठरत नाहीस, डॉक्टरला बिनधास्त सांग.

पुढचं तुझ्या नवऱ्याला वाचायला दे, कारण त्या वेळी तुझं तुला कळेलच असं नाही. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, ताप आला, घाण वास यायला लागला, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, एकच पोटरी सुजून दुखायला लागली, धाप लागली, किंवा ती अजिबात न झोपता भलतंच काहीतरी बोलायला लागली, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणाली, तर सकाळची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठायचं.

माझा फोन रात्री उशाशीच असतो. दोन वाजता केलास तरी चालेल, बोलायला काही नसलं तरी कर.

तुझी,
मावशी