भिंतीवरची पेन्सिलची रेघ

प्रश्न : ताई, मी सांगलीच्या गावभागात वाढलेली लेक. माझे वडील मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडतीत तेहतीस वर्षे दिवाणजी होते आणि बोलता बोलता माणसांना हसवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पुढच्या महिन्यात त्यांचे वर्षश्राद्ध आहे. आमच्या मधल्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी महापुराच्या पाण्याच्या दोन रेघा पेन्सिलने मारून ठेवल्या आहेत. कमरेएवढ्या उंचीवरच्या २००५ च्या रेघेशेजारी ‘कृष्णामाईंची पहिली भेट’ आणि डोक्याच्याही वरच्या २०१९ च्या रेघेशेजारी ‘दुसरी भेट. चहा न घेताच गेल्या’ असे लिहिले आहे. दादा म्हणतो, कार्याआधी घर रंगवून घेऊ, आणि बाबांची आठवण गांभीर्यानेच झाली पाहिजे. मी त्यांचा एखादा विनोद सांगितला की आई उठून स्वयंपाकघरात जाते. हसत आठवण काढणे चुकीचे आहे का?

उत्तर : तुमचे पत्र वाचून झाल्यावर मी बराच वेळ त्या दुसऱ्या रेघेचाच विचार करत होते. ऑगस्ट २०१९ मध्ये, जिथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे त्या सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. अशा पुरानंतर घरी परतलेल्या, गुडघाभर चिखल, फुगलेली दारे आणि भिजून लगदा झालेले धान्य समोर पाहणाऱ्या माणसाने पेन्सिल शोधून काढावी आणि नदीने चहा घेतला नाही अशी नोंद करावी, यात थट्टेपेक्षा मायाच अधिक आहे. त्या ओळीने त्यांनी घरातल्या सगळ्यांना धीर दिला असणार. म्हणून तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की हसत आठवण काढणे अजिबात चुकीचे नाही.

आता आईविषयी. त्या उठून जातात म्हणजे त्यांना विनोद आवडत नाही, असा अर्थ तुम्ही लावला आहे. मला तसे वाटत नाही. तुम्हीच पत्रात पुढे लिहिले आहे, की ‘लग्नातली हळद सगळ्यांची आठवड्यात उतरते, माझी तेहतीस वर्षे उतरली नाही’ असे बाबा पिवळी बोटे दाखवून म्हणत, आणि आई ‘पुरे हं आता, टॉवेल कोण धुतंय?’ असे म्हणत. हा विनोद एकट्या बाबांचा नव्हताच. त्याचे शेवटचे वाक्य आईंचे होते, आणि ते आज कोणाला उद्देशून म्हणावे हे त्यांना कळत नसेल. आपण विनोद सांगतो तेव्हा नेमकी ती रिकामी जागा त्यांच्यासमोर उभी राहते. तेव्हा त्यांच्यासमोर विनोद सांगू नका, त्यांना विचारा. दुपारी त्या निवांत असताना शेजारी बसून एवढेच विचारा, की बाबांनी भिंतीवर ते लिहिले तेव्हा तू काय करत होतीस? त्या रडल्या तर रडू द्या आणि विषय बदलू नका.

दादांवर रागावू नका, अशी माझी विनंती आहे. बाबांना अग्नी त्यांनी दिला, वर्षश्राद्धाचे सगळे त्यांनाच निभवायचे आहे आणि आलेले नातेवाईक त्यांच्याकडेच पाहणार आहेत. सकाळचे विधी आणि वर्तमानपत्रातल्या पुण्यस्मरणाचा मजकूर त्यांच्या मनासारखा होऊ द्या. जेवणे आटोपून बाहेरची मंडळी गेली, की घरच्यांनी सतरंजीवर बसावे आणि प्रत्येकाने बाबांची एकेक गोष्ट सांगावी. कोणी सूत्रसंचालन करू नये, माईक तर नकोच. पहिली गोष्ट दादांना सांगायला सांगा. धाकट्या बहिणीला माहीत नसलेले बाबा त्यांच्याकडे नक्की असतील.

ऐकलेले लिहून ठेवा, मात्र नुसता विनोद लिहू नका. त्याच्या आधीची हकीकत लिहिली नाही, तर तुमच्या नातवंडांना त्यात हसण्यासारखे काय होते ते कळणार नाही. सौद्याच्या वेळी हळकुंड मोडून आतला रंग कसा पाहतात, पोत्यांची धूळ दिवसभर कशी अंगावर बसते, घरी आलेल्या माणसाच्या सदऱ्याला आणि पासबुकालाही कसा हळदीचा वास येतो, हे दोन ओळींत आले की ती पिवळी बोटे त्यांना दिसतील. माझे सासरेही फार गमतीदार बोलत. आमच्या घरात आज त्यांची शेवटची वाक्ये तेवढी उरली आहेत. ती कोणाला आणि कशावरून म्हटली होती हे सांगणारे कोणी राहिलेले नाही, याची मला आजही हळहळ वाटते. आणखी एक, त्या वहीत बाबांचे गप्प बसणेही येऊ द्या. २००५ च्या पुरानंतर ते दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते, असे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेला आहात. ते दोन दिवस आईंना आठवत असतील. तेवढे वगळून केलेली आठवण अर्धी राहील, आणि दुसऱ्यांना हसवण्यासाठी त्या माणसाला काय मोजावे लागत असे हेही कोणाला कळणार नाही.

राहिली भिंत. घर जरूर रंगवा, पुराची ओल धरलेल्या भिंतींना ते हवेच असते. फक्त त्या दोन रेघा आणि शेजारची अक्षरे यांभोवती वीतभर जागा तशीच सोडायला रंगाऱ्याला सांगा, आणि घासकाम सुरू होण्याआधी तिथे स्वतः कागद चिकटवा, कारण पॉलिश पेपरचा एक हात फिरला तरी पेन्सिल जाते. पुढे त्यावर काच बसवता येईल. दादा तयार होतील असे मला वाटते. चौकट आखायला त्यांनाच बोलवा. रंगारी सोमवारी येणार आहेत असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा फोटो रविवारीच, खिडक्या उघडून, दिवसाच्या उजेडात काढून ठेवा.