ओंजळभर टीसीएल आणि विहिरीचं पाणी

प्रश्न: आम्ही चिपळूणजवळ राहतो. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा विहीरपण बुडाली होती, तेव्हापासून दर पावसाळ्यात बाबा टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) ओंजळभर घेऊन थेट विहिरीत टाकतात. यंदा एवढा वास की आई म्हणते भातपण औषधासारखा लागतोय, आणि तरी धाकट्याला जुलाब झालेच. नक्की किती टाकायची? विहिरीत मासे आहेत, त्यांचं काय?

उत्तर: बाबांचं मापही चुकतंय आणि टाकायची पद्धतही. आधी विहिरीत पाणी किती ते काढा, फुटांत व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, त्याला 22 ने गुणलं की साधारण लिटर येतात. 10 फूट व्यास, 12 फूट पाणी म्हणजे 26,400 लिटर. एरवीसाठी 1000 लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे तुम्हाला 65-70 ग्रॅम पुरे, काट्यावर मोजा ना, दोन मिनिटांचं काम आहे.

पण थेट टाकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ पेस्ट करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. तळाला पांढरा चुना बसतो, आमच्या काकांकडे तर दोन बोटं जाड थर जमायचा, तो विहिरीत जाऊ द्यायचा नाही, पाणी जड होतं. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता, ती दोरीने पाण्यात सोडून वरखाली हिसके द्या म्हणजे सगळीकडे मिसळते. हे रात्री शेवटचं पाणी भरून झाल्यावर करा, निदान तासभर तरी विहिरीला हात लावायचा नाही.

आता वासाचं. वास आला म्हणजे क्लोरीन भरपूर असं धरू नका, पानं-गाळ-घाण असली की क्लोरीन तिथेच खर्ची पडतं आणि वास मात्र येतो. खात्री करायची तर ओटी टेस्ट (थोड्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन बघायची चाचणी), ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे विचारा. डोस दिल्यावर तासाभराने घेतलेलं टेस्टचं पाणी पिवळं झालं आणि रंग 0.5 (लिटरला मिलिग्रॅम) च्या खुणेशी जुळला की ठीक, रंगच नाही आला तर डोस कमी पडला (टेस्टचं पाणी प्यायचं नाही, फेका). आणि डबा बघा, ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतं, पण कोकणातल्या दमट हवेत झाकण उघडं राहिलं की ते उडून जातं, मग किती मोजून टाकलं तरी काय उपयोग?

पुराचं पाणी पुन्हा आत शिरलं तर मात्र 70 ग्रॅमने भागत नाही. पूर ओसरल्यावर गढूळ पाणी उपसून गाळ काढायचा (भिजलेली जमीन ढासळते म्हणून एका दमात तळ गाठू नका, आणि आत हवा नसते, एकट्याने उतरायचं तर नाहीच), मग 26,400 लिटरला ताज्या पावडरीची 4 किलोची निवळी, बारा तास ठेवून ते सगळं पाणी उपसून टाकायचं. तोवर प्यायला उकळलेलंच.

धाकट्याला डॉक्टरकडे न्या, आणि संडासचा खड्डा विहिरीपासून 15 मीटरच्या आत आहे का ते टेप लावून बघा, असेल तर क्लोरीन रोज टाकलं तरी घाण झिरपतच राहणार.

मासे आधी काढून टाकीत ठेवा, पण टाकीत क्लोरीनचं पाणी नको.