एकच पोटरी सुजली आणि धाप लागली: मालिश नको, १०८ ला फोन करा

ताई, बाकीचे नंतर वाचा, आधी १०८ ला फोन लावा. सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशनला दोन आठवडे झाले, एकाच पायाची पोटरी सुजली आहे आणि आज न्हाणीघरापर्यंत जाताना धाप लागली, असे तुम्ही लिहिले आहे. गाडी येईपर्यंत त्यांना उशीला टेकवून बसवा. जिना उतरायला लावू नका, स्कूटरवर तर मुळीच नेऊ नका. शेजारच्या काकी मायेने म्हणत असतील, पण त्या पोटरीला तेल चोळू नका.

मी बरीच वर्षे हाडांच्या वॉर्डात नर्स होते. सूज आणि दम हे दोन वेगळे आजार समजून लोक घरी थांबतात, याची मला फार भीती वाटते. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी धरते आणि पाय सुजतो, दुखतो, गरम लागतो. तिचा तुकडा सुटला की मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला जातो आणि पुढे फुफ्फुसाच्या धमनीत अडकतो. मग दम लागतो, श्वास आत घेताना छातीत कळ येते, खोकल्यातून रक्त पडते, किंवा नुसती घेरी येते. रक्त साचणे, शिरेला इजा होणे आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणे, अशी गुठळीची तीन कारणे मानतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिन्ही एकदम जमतात.

बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नेताना डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्या बरोबर घ्या. पोटावर टोचायची इंजेक्शने दिली होती का, कधी थांबवली, हे आपणहून सांगा. अशा ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवणारे औषध ३५ दिवसांपर्यंत चालवतात. ईसीजी ठीक आला म्हणून परत फिरू नका, त्यावरून गुठळी नाही असे ठरत नाही. पायाचा डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) आणि छातीचे सीटी अँजिओ (फुफ्फुसाच्या धमन्यांचा स्कॅन) करायचे का, ते विचारा. डी-डायमर ही गुठळीसाठीची रक्ततपासणी, पण ऑपरेशननंतर तो एरवीही वाढलेला असतो, म्हणून नुसत्या त्यावरून गुठळी आहे असे ठरत नाही.

गुठळी निघालीच तर औषध निदान ३ महिने चालेल. त्या काळात गुडघे दुखतात म्हणून फार्मसीतून परस्पर डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी आणू नका, रक्तस्राव होऊ शकतो. वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी दिली तर तांबडी भाजी सोडायची नसते, फक्त प्रमाण रोज सारखे ठेवायचे. वेळ मिळाला की त्या कशा आहेत ते कळवा.