सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा शाळेत

रेडिंगहून एक वाचक लिहितात: मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. सांगलीला अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि एकोणीस वर्षांपूर्वी इंग्लंडला आलो. सध्या एका बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. आम्हाला आयएलआर, म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी, मिळून बरीच वर्षे झाली. पत्नी फार्मासिस्ट आहे, मुलगा ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या तोडीच्या वर्गात, आणि मुलगी माध्यमिक शाळेत आहे. नोकरीत आता जीव रमत नाही. गणिताचा शिक्षक व्हावे असे फार वाटते. पत्नीशी अर्धवट बोललो आहे, पण सांगलीला आईवडिलांना सांगण्याचा धीर होत नाही. मी काय करावे?

तुमच्या मूळ पत्रातला बराच मजकूर जागेअभावी वर देता आला नाही, पण मला जे सांगायचे आहे ते त्याच मजकुरातून सुचले आहे. बँकेतल्या कामाविषयी तुम्ही जेमतेम तीन ओळी लिहिल्या आहेत आणि दर गुरुवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जीसीएसईचे (म्हणजे इथल्या साधारण दहावीच्या तोडीच्या परीक्षेचे) गणित शिकायला येणाऱ्या शेजारच्या मुलीविषयी दीड पान. ऋण गुणिले ऋण धन का होते, असे तिने विचारले तेव्हा ‘तो नियमच आहे’ असे सांगून तुम्ही वेळ मारून नेली आणि त्या रात्री तुम्हाला झोप लागली नाही. पुढच्या गुरुवारी तुम्ही उणे तीनला आधी दोनाने, मग एकाने, मग शून्याने गुणून उत्तरे एकाखाली एक मांडलीत, प्रत्येक पायरीला उत्तर तीनने वाढते हे तिच्याच तोंडून वदवून घेतलेत आणि शून्याच्या खालची ओळ तिची तिनेच लिहिली. स्वतःचे अपुरे उत्तर ज्याला आठवडाभर बोचते, त्याची शिकवण्याची ओढ वरवरची नसते, असे मला मनापासून वाटते.

तरीही राजीनामा एवढ्यात देऊ नका. शिकायला उत्सुक असलेली एक मुलगी आणि शुक्रवारी दुपारी, बाहेर पाऊस लागलेला असताना, समोर बसलेली तीस मुले यांत फार अंतर आहे. त्यांतल्या काहींनी पेन आणलेले नसते, काहींनी गणित आपल्याला येणार नाही असे कधीच ठरवून टाकलेले असते. तुम्हाला खरे काम त्या मुलांबरोबर करायचे आहे. शिक्षण खात्याच्या ‘गेट इन्टू टीचिंग’ या मोफत सेवेत सल्लागार मिळतो आणि शाळेत प्रत्यक्ष बसून पाहण्याची सोय कशी करावी याची माहितीही मिळते. वार्षिक रजेतले निदान चार-पाच दिवस त्यासाठी काढा, तेही एकाच नावाजलेल्या शाळेत न घालवता दोन वेगळ्या वस्त्यांतल्या शाळांमध्ये. वर्गाबरोबरच तास संपल्यानंतरची स्टाफरूम, वह्यांचे गठ्ठे आणि पालकांना करावे लागणारे फोनही पाहून या. ते पाहूनही ओढ टिकली, तर पुढच्या तयारीला लागा.

पैशाचा हिशेब पत्नीबरोबर बसून, कागदावर करा. पीजीसीई (पदवीनंतरचा शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम) आणि क्यूटीएस (पात्र शिक्षक म्हणून अधिकृत मान्यता) एका शैक्षणिक वर्षात होते. २०२५-२६ च्या वर्षासाठी गणिताच्या प्रशिक्षणार्थींना २९,००० पौंडांची करमुक्त बर्सरी, म्हणजे परत न करायचे विद्यावेतन, होती आणि शुल्क ९,५३५ पौंडांपर्यंत होते. हे आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून अर्ज करताना ते पुन्हा पाहावेत. बर्सरीचे हप्ते साधारण ऑक्टोबर ते जुलै या काळात मिळतात, तेव्हा त्याआधीच्या आणि नंतरच्या महिन्यांची तजवीज वेगळी करावी लागेल. पुढे नोकरी लागल्यावर, २०२४ च्या सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये लंडनबाहेरच्या शिक्षकाचा सुरुवातीचा किमान पगार वर्षाला ३१,६५० पौंड झाला, आणि नव्या शिक्षकाची पहिली दोन वर्षे मार्गदर्शनाखालच्या उमेदवारीची असतात. शिक्षकांची पेन्शन मात्र आजही निश्चित लाभाची, म्हणजे पगार आणि सेवेच्या वर्षांवरून ठरणारी, आहे. पगाराची तुलना करताना बहुतेक जण हा भाग विसरतात.

घराच्या कर्जाचा ठरावीक व्याजदराचा काळ कधी संपतो, तेही आजच पाहा. तो वर्षभरात संपणार असेल तर नवा दर बँकेची नोकरी हातात असतानाच ठरवून घ्या, कारण पगार निम्म्यावर आल्यावर दुसरी बँक दारात उभे करतानाही दहा प्रश्न विचारील. दहावीची गुणपत्रिका आणि पदवीची मूळ कागदपत्रे सांगलीच्या घरी कपाटात असतील, तर तीही मागवून घ्या. परदेशी पदवीची समकक्षता यूके एनिक या परदेशी पात्रता तपासणाऱ्या संस्थेकडून करून घ्यावी लागते, आणि इंग्रजी व गणित जीसीएसईच्या ग्रेड चारच्या तोडीचे असल्याचे दाखवावे लागते.

स्किल्ड वर्कर व्हिसावर (कुशल कामगारांच्या नोकरीच्या व्हिसावर) असलेल्या वाचकांना येथे एक वेगळी सूचना करतो. तुमचा व्हिसा नोकरी देणाऱ्या प्रायोजकाशी बांधलेला असतो, त्यामुळे वर सांगितलेला मार्ग तुम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही. आधी इमिग्रेशनच्या अधिकृत सल्लागाराला भेटा.

आता पत्नीविषयी. ‘अर्धवट बोललो’ हे शब्द मला सर्वांत जास्त खटकले. तुमच्या प्रशिक्षणाच्या वर्षात घराचा भार त्यांच्या पगारावर येणार आहे, आणि कदाचित त्यांनाही आपले काम बदलावेसे वाटत असेल, जे तुमच्या मोठ्या पगाराच्या सावलीत त्यांनी कधी बोलून दाखवले नसेल. तुमचा बेत सांगण्याआधी त्यांना तेवढे विचारा आणि त्यांचे उत्तर पूर्ण ऐकून घ्या.

आईवडिलांना सांगण्याचा धीर होत नाही, याचे कारण तुम्ही ‘बाबांना वाईट वाटेल’ असे लिहिले आहे. मुलगा लंडनच्या बँकेत आहे हे त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांना सांगितलेले असणार, आणि त्या अभिमानाला धक्का लागेल ही भीती मला समजते. परंतु पत्राच्या शेवटी तुम्हीच लिहिले आहे की तुम्ही दरमहा घरी पैसे पाठवता आणि आईच्या औषधांचा खर्च त्यातून भागतो. त्यांना अभिमानापेक्षा ही काळजी जास्त असेल. म्हणून पगाराचे आणि पदाचे बोलणे मागाहून करा. औषधांची रक्कम पूर्वीसारखीच दर महिन्याला येईल आणि त्यासाठी दोन वर्षांचे पैसे वेगळे काढून ठेवले आहेत, हे पहिल्या वाक्यात सांगा. ते पैसे खरोखरच वेगळ्या खात्यात ठेवल्यावर फोन करा, त्याआधी नको.

पुढच्या सप्टेंबरच्या प्रवेशासाठी अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून घेतले जातात, त्यामुळे शाळा पाहायला आणि पत्नीशी नीट बोलायला तुमच्याकडे पुरेसा वेळ आहे. दरम्यान गुरुवारची शिकवणी चालू ठेवा. त्या मुलीची परीक्षा जवळ येत आहे, आणि तिला तुमची गरज आत्ता आहे.