वाचकांचे प्रश्न : गळा दाटतो तिथे पेन्सिलीची रेघ

प्रश्न : आमच्या भिशीत आम्ही दहाजणी महिन्याला एक पुस्तक वाचतो. या खेपेला कॉलेजातल्या दोघांच्या प्रेमाची कादंबरी आहे. शेवटी ती जाते. शेवटची २० पानं मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे आलंय. घरी सराव करतानाच गळा भरून येतो. काय करू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी पानं कमी करा. मोठ्यानं वाचायला एका पानाला दोन-अडीच मिनिटं जातात, म्हणजे २० पानांना पाऊण तास. तेवढ्यात आवाजही बसतो आणि ऐकणाऱ्याही चुळबुळ करू लागतात. सहा पानं पुरे. मधलं तोंडी सांगा.

आता गळ्याचं. मरणाच्या वाक्यापाशी तो सहसा दाटत नाही, तिथं आपण सावध असतो. दाटतो तो पुढं कुठंतरी, एखाद्या फुटकळ गोष्टीपाशी : त्यानं सवयीनं दोन कप चहा टाकला, तिचा स्वेटर अजून खुंटीलाच आहे. ही जागा मनातल्या मनात वाचून सापडत नाही. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोठ्यानं वाचा. सापडली की तिच्या अलीकडच्या वाक्याशेवटी पेन्सिलीनं तिरकी रेघ मारा. रेघेशी थांबायचं, श्वास पूर्ण सोडायचा, मग नवा घ्यायचा. रडू दाबताना आपण श्वास रोखतो आणि त्यानंच आवाज चिरकतो. त्या ओळीला मैत्रिणींच्या तोंडाकडे बघू नका, नजर पानावर ठेवा. आवाज थोडा खाली, वेग कमी. तिचे संवाद कण्हत वाचायचा मोह होईल. सपाट वाचा, जास्त लागतात.

तरीही फुटलंच रडू, तर पुस्तक शेजारणीच्या हाती द्यायचं, हे आधीच ठरवून ठेवा. ‘सॉरी सॉरी’ म्हणत रेटू नका.

आणखी एक. सुरुवातीचं, दोघं पहिल्यांदा भेटतात ते एक पान दुसरीला आधी वाचायला सांगा. महिनाभरात ते सगळ्याजणी विसरलेल्या असतात, आणि ते हसू आठवलं नाही तर शेवट नुसता दवाखाना वाटतो.

कूलर तेवढा वेळ बंद ठेवा, त्याच्या घरघरीत हळू आवाज बुडतो. शेंगाचटणी-भाकरी वाचन झाल्यावरच. कोरडी चटणी घशात अडकून लागलेला ठसका आणि हुंदका, ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच!

प्रश्न : मुलीनं कादंबरीचा शेवट आधीच सांगून टाकला. आता वाचण्यात काय राहिलं?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : बरंच. एरिक सीगलच्या ‘लव्ह स्टोरी’त (१९७०) नायिका २५व्या वर्षी गेली हे पहिल्याच वाक्यात सांगितलंय, तरी लोक ढसाढसा रडले. शेवट माहीत असला की तिनं सहज म्हटलेलं ‘पुढच्या वर्षी बघू’सुद्धा टोचतं. मुलीवर रागावू नका. फक्त पुढच्या वेळी पुस्तक आधी तुम्ही घ्या.