समाजशास्त्र घेऊन बीए करावं का? विषय सोपा आहे का, आणि पुढे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातून बारावी आर्ट्स झाली आहे, बीएला समाजशास्त्र घ्यायचं मनात आहे. मैत्रिणी म्हणतात सोपा विषय आहे, घेऊन टाक. वडील विचारतात, पुढे काय? आणि इंग्रजी कच्चं आहे.

मी याच विषयात आधी बीए आणि मग एमए केलं. आता गावोगावच्या पाहण्यांचं काम करते, म्हणजे घरोघरी जाऊन माहिती गोळा करणं, ती तपासणं, अहवाल लिहिणं. त्यामुळे माझं उत्तर एका बाजूला झुकलेलं असणार. माझं म्हणणं आहे की विषय जरूर घ्या, मात्र सोपा म्हणून घेऊ नका.

सोपा वाटतो त्याला कारण आहे. कुटुंब, विवाह, जात, धर्म, गाव, शहर हे सगळं आपल्या रोजच्या बघण्यातलं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाईड वाचून, 'टीपा लिहा'ची उत्तरं पाठ करून पास होता येतं, हेही खरं. अशी पास झालेली मुलं मी पुष्कळ पाहिली. तीन वर्षांनी त्यांच्या हातात पदवी असते, पण एखाद्या गावात जाऊन नीट चार प्रश्न विचारायला सांगितलं तर जमत नाही. मग घरचे म्हणतात, बघ, आम्ही सांगत होतो.

तुमच्या जिल्ह्यातही दिसणारं उदाहरण घेते, मुलींच्या लहान वयातल्या लग्नांचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. यावर पारावर सहज ऐकू येणारं मत म्हणजे 'लोक अडाणी आहेत, दुसरं काय.' समाजशास्त्र शिकलेल्या माणसाने इथे थांबायचं नसतं. ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडप्याला; नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. आई-बाप सहा महिने कारखान्यावर गेले की वयात आलेल्या मुलीला मागे कोणाकडे ठेवायचं, हा प्रश्न असतो. आठवीच्या पुढची शाळा दुसऱ्या गावात असते, एसटी वेळेवर नसते. हुंडा वयाबरोबर वाढतो. हे सगळं एकत्र ठेवलं की लक्षात येतं, जो निर्णय त्या एका बापाचा वाटत होता तो घ्यायला भाग पाडणारी पूर्ण व्यवस्था त्याच्या मागे उभी आहे. म्हणून तो बरोबर ठरत नाही, पण नुसत्या भाषणाने तो का बदलत नाही ते कळतं.

आणि मग वर्गात बाबासाहेब आंबेडकरांचा 1916 सालचा निबंध येतो. कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, वयाच्या पंचविशीत, त्यांनी जातिसंस्थेवर तो वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनावर, आणि ते बंधन टिकवायला सती, सक्तीचं वैधव्य आणि मुलींची लहानपणी लग्नं या चालींचा उपयोग झाला, ही त्यांची मांडणी. शंभर वर्षांपूर्वीचा हा निबंध हातात घेऊन आपल्या आजच्या तालुक्याकडे बघा. 'स्पष्ट करा'चं उत्तर म्हणून पाठ केलेला सिद्धांत आणि असा वाचलेला सिद्धांत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरं उदाहरण 'प्रभुत्वशाली जात' या संकल्पनेचं, म्हणजे संख्या, जमीन आणि सत्ता यांच्या जोरावर गावावर वर्चस्व असलेली जात. प्रत्येक गाईडमध्ये तिची व्याख्या असते. ती मांडणारे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांचं शिक्षण मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली झालं. 1948 साली ते म्हैसूर भागातल्या एका खेड्यात जाऊन राहिले. 1970 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला त्यांच्या कार्यालयाला आग लावली गेली आणि त्या गावाच्या टिपणांवर वर्षानुवर्षं केलेल्या कामाच्या तिन्ही प्रती जळाल्या. तरीही मुख्यतः आठवणीच्या आधारावर त्यांनी त्या गावावर पुस्तक लिहिलं. ते गाव त्यांच्यात किती मुरलं असेल, याचा मला आजही अचंबा वाटतो.

आता तुमचं गाव घ्या. विकास सोसायटीच्या कार्यालयात आजवरच्या चेअरमनांच्या नावांचा फलक लावलेला असतो. त्यावरची आडनावं वहीत उतरवून घ्या. शेजारी ग्रामपंचायतीच्या सरपंचांची यादी, दूध डेअरीचे पदाधिकारी, यात्रा कमिटी. मग बागायती जमीन कुणाकडे आहे हे तलाठ्याकडच्या नोंदींतून किंवा जुन्याजाणत्या माणसांना विचारून बघा. ती आडनावं पुन्हा पुन्हा येतात का, आरक्षण आल्यावर सरपंचपद बदललं पण कारभार कुणाकडे राहिला, डेअरी आणि सोसायटी एकाच भावकीत आहेत का? एवढं केलं तर तो धडा तुम्हाला पाठ करावा लागणार नाही.

म्हणून माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला 'सामाजिक संशोधन पद्धती' या पेपरबद्दल आहे. बहुतेक मुलं तो कंटाळवाणा म्हणून ऑप्शनला टाकतात. प्रश्नावली, अनुसूची, नमुना निवड, निरीक्षण, ही नावं कोरडी वाटतात खरी. पण पुढे पोट भरायची वेळ येते तेव्हा हाच पेपर कामाला येतो. साधा प्रश्न बघा: 'घरात किती माणसं?' एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, असं जनगणनेत धरतात. मग दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेला मुलगा-सून मोजायचे की नाही? एकाच वाड्यात दोन चुली असतील तर? किंवा बाईला विचारलं, 'तुम्ही काय काम करता?' तर उत्तर येतं, 'काही नाही, घरीच असते.' हे सांगताना तिच्या हाताला शेणाचा वास असतो, कारण पहाटे उठून तिने दोन म्हशींचं केलेलं असतं आणि आता ती खुरपणीला निघालेली असते. तुम्ही 'काम नाही' असा शिक्का मारून पुढे गेलात तर तिची मेहनत कागदावरून पुसली जाते. हेच 'सकाळी उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा' असं विचारलं की वेगळंच चित्र दिसतं. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत असंच विचारलं होतं. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं, हे त्यातून पुढे आलं.

आता वडिलांचा प्रश्न, कारण तो रास्त आहे. नुसत्या बीएवर थेट नोकरी मिळेल असं मी सांगणार नाही. बीएड करून शाळेत लागू असं मनात असेल तर आधीच सावध करते: पाचवी ते दहावीत समाजशास्त्र असा स्वतंत्र विषय नाही, तिथे इतिहास-भूगोलवाल्यांना विचारतात. तो दोन वर्षं असतो अकरावी-बारावीला, त्यासाठी एमए आणि बीएड दोन्ही लागतं, आणि जागा कमी आहेत. सीनियर कॉलेजसाठी एमएनंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. एमएसडब्ल्यू करून समाजकार्याकडे जाता येतं. संस्थांमध्ये पाहण्यांचं काम मिळतं, पण सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि फिरणं भरपूर. यूपीएससीला हा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, दोन पेपर, 500 गुण. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही 2025 पासून वर्णनात्मक झाली आणि तिथेही वैकल्पिक विषय आला. मात्र स्पर्धा परीक्षा हा एकमेव बेत ठेवू नका, ही मोठी बहीण म्हणून विनंती.

नव्या शैक्षणिक धोरणात मेजर म्हणजे मुख्य विषयासोबत मायनर म्हणजे जोडविषय निवडायचा असतो. शक्य असेल तर अर्थशास्त्र घ्या. राज्यशास्त्रही चांगलं जुळतं, पण आकड्यांची भीती घालवायला अर्थशास्त्रासारखा सोबती नाही. जोडीला एक्सेल शिका, आणि मोबाइलवर पाहणी करायचं कोबो टूलबॉक्स फुकट मिळतं ते वापरून बघा. मुलाखतीला गेल्यावर या दोन गोष्टी येतात का, हे हमखास विचारतात.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून अडू नका. पदवी मराठीतून होते. सुरुवात त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा'ने करा. 1915 चं पुस्तक आहे, भाषा जुनी, त्यांची काही मतं आज पटणार नाहीत, पण बलुतेदारी कशी चालायची हे त्यात अगदी जवळून दिसतं. मग मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे वाचा. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे चालतं आणि उत्तरेत का चालत नाही, हे त्यांच्या नातेव्यवस्थेच्या अभ्यासातून छान उलगडतं. इंग्रजीचं रोज एकच पान वाचा आणि त्याचं टिपण मराठीत लिहा. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं बीएचं साहित्य ई-ज्ञानकोश या त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहे, त्यातलं इंग्रजी सोपं असतं, अडलं तर बरंचसं हिंदीतही मिळतं.

प्रवेश घेण्याआधी मात्र एक चक्कर कॉलेजात मारा. समाजशास्त्र शिकवायला कोणी नियमित आहे का, तास खरंच होतात का, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा. त्यांनी केलेला प्रकल्प बघायला मागा. तो गावात जाऊन केलेला दिसला तर डोळे झाकून प्रवेश घ्या. सगळ्यांचे प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून आलेले दिसले तर जवळच्या दुसऱ्या कॉलेजातही विचारून बघा. एसटीचा पास काढावा लागला तरी चालेल.